शशिकलाकाकूंचा चौथा मजला

"लिफ्ट नाही म्हणजे काय, अहो?"

"म्हणजे नाही. तीनशे वर्षांचं घर आहे ते. तेव्हा कुठली आलीय लिफ्ट?"

"तेव्हा वायफाय होतं का? ते बरं बसवलं त्यांनी!"

"शशी, आधी फोटो बघ. लाकडी बंद बाल्कनी, हिरवा रंग, समोर अख्खं बंदर..."

"बाल्कनी कितव्या मजल्यावर?"

"वरच्या."

"वरच्या म्हणजे?"

"चौथ्या. पण बंदरापासून फक्त दोनशे मीटर! मी स्वतः नकाशावर मोजलंय."

"आडवे की उभे?"

इथे राजाभाऊकाकांनी नकाशा पुन्हा डोळ्यांजवळ घेतला. आणि मी हॉलच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, अंगभर टाचण्या लावलेल्या ब्लाउजमध्ये उभी. हलले तर टोचणार, बोलले तर दोन्ही बाजूंनी टोचणार. शशिकलाकाकूंच्या ओठांत आणखी तीन टाचण्या होत्या. त्या तशाच धरून भांडता येतं, ही त्यांची कला आहे.

अल हिलालमधल्या आमच्या इमारतीत काकू पहिल्या मजल्यावर राहतात. दोह्यातल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज त्यांच्या मशीनखालून जातात. राजाभाऊकाका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत सर्व्हेअर. तिपाईवरच्या दुर्बिणीतून जमिनीची लेव्हल बघणं हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. पण कतारची जमीन म्हणजे ताटात पसरलेलं पिठलं. इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर. पंचवीसेक वर्षं अशा सपाटीवर काढल्यावर काका एक गोष्ट साफ विसरून गेले होते. जगात काही ठिकाणी रस्ता वरही जातो.

"देवव्रत, दाखव रे तुझ्या बाबांना तो रस्ता," काकू म्हणाल्या.

देवव्रत त्यांचा मुलगा. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. त्याने फोन पुढे केला. व्हॅलेटा, म्हणजे माल्टाची राजधानी. मधाच्या रंगाचे दगड, दोन्ही बाजूंना उंच घरं, आणि मधून खाली समुद्रापर्यंत पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या.

"बाबा, दॅट्स नॉट अ रोड. दॅट्स लिटरली अ स्टेअरकेस."

"गावाला लिफ्ट आहे!" काकांनी हुकमाचं पान टाकलं. "बंदरातून वरच्या बागेत जायला. सरकारी. चांगली मोठी."

"वा! गावाला लिफ्ट आहे आणि घराला नाही. म्हणजे मी बागेतच पथारी पसरू?"

"अगं, तूच म्हणालीस ना, स्वयंपाकघर असलेली जागा बघा म्हणून!"

"मी म्हणाले? संध्याकाळी आमटी-भात नसेल तर कुणाचा चेहरा उतरतो? पेट्राच्या वाळवंटात राइस कुकर कुणी नेला होता? मला सुट्टी हवी होती, अहो. सुट्टीतला ओटा नको होता!"

काकांनी आवाज खाली आणला. समजूत घालायचा खास नवरेशाही आवाज.

"हे बघ, टेन्शन घेऊ नकोस. जिथून पायऱ्या सुरू होतात ना, तिथे एक छानसा कॅफे आहे. बाहेर बाक आहे. सावलीसुद्धा असते. आम्ही वर जाऊन आलो की..."

बाक.

काकूंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी वर जाणार."

"अगं, पण गुडघे..."

"मी वर जाणार. हात खाली घे गं पोरी, झालं तुझं."

या बाकाला इतिहास आहे. तो कळल्याशिवाय काकू कळायच्या नाहीत.

इथली मराठी मंडळी ईदच्या सुट्टीत घोळक्याने फिरायला जातात. चार-पाच कुटुंबं, एक मिनी बस, थेपले, चकल्या, आणि शशिकलाकाकू. डोंगर आला, किल्ला आला, बुरूज आला की सगळे गाडीतून उतरतात, वर बघतात आणि मग काकूंकडे बघतात. काकू म्हणतात, "तुम्ही जा. मी बसते इथे. पिशव्या असू देत माझ्यापाशी." केव्हातरी एकदा गुडघा दुखत होता म्हणून त्या खरोखरच बसल्या होत्या. पुढच्या वेळी कुणी विचारलंच नाही. तिबिलिसीला किल्ल्याखाली बसल्या. बाकूला बुरुजाखाली बसल्या. सलालाला झऱ्याखाली बसल्या, तिथे एका बकरीने आमच्यातल्या नमिताच्या पर्सचा पट्टा खाल्ला आणि काकूंनी तो बकरीच्या तोंडातून ओढून काढला. पेट्राला डोंगरावरच्या देवळाखाली एका चहाच्या तंबूत बसल्या आणि तंबूवालीच्या मुलीच्या झग्याची उसवलेली बाही शिवून दिली.

काकूंना विचारा, त्या कुठल्याही देशातल्या बाकाचं वर्णन करतील. कुठला लोखंडी, कुठल्यावर ऊन येतं, कुठल्याच्या मागे मांजर व्याली होती. वरून काय दिसतं ते मात्र त्यांनी कायम दुसऱ्यांच्या फोनमध्ये पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये पिशव्यांचे फोटो आहेत. देशोदेशीचे. पाठीवरच्या, खांद्यावरच्या, चाकांच्या, एका ओळीत नीट मांडलेल्या. दर थोड्या वेळाने त्या ग्रुपवर फोटो टाकत आणि खाली लिहीत, 'सर्व सेफ आहे.'

माल्टा काकूंनीच निवडलं होतं. कुठल्यातरी व्हिडिओत त्यांनी गोझो नावाचं बाजूचं छोटं बेट पाहिलं. तिथे किल्ल्याच्या आत एका खोलीत एक म्हातारी मांडीवर लांबुळकी उशी घेऊन बसलेली, आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिन खटखट इकडून तिकडे टाकत लेस विणत होती. सुई नाही, मशीन नाही. काकूंनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की त्यांच्या फोनने त्यांना दुसरं काही दाखवणंच सोडून दिलं.

"ती किल्ल्यावर बसते," काकू म्हणाल्या. "खाली नाही येत ती. मलाच वर जायला लागणार."

पहिलं काम, गुडघे. आमच्याकडची नमिता फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्याची, बोलायला फटकळ. ब्लाउजची उंची वाढवून घ्यायला आली तेव्हा काकूंनी तिला पाय दाखवला.

नमिताने गुडघा वाकवला, सरळ केला, मांडी दाबून पाहिली.

"काकू, डॉक्टरांनी जिने चढू नका असं सांगितलंय?"

"नाही गं. हळू चढा म्हणाले. दोन वर्षं झाली."

"मग?"

"मग काय, लिफ्ट आहे."

"तुमच्या गुडघ्याला जेवढं झालंय तेवढं या वयात सगळ्यांना होतं. मांड्या झोपल्यात तुमच्या. उठवा त्यांना. रोज थोडं थोडं चढा, उतरताना कठडा धरा, दुखलं तर थांबा. बघू या."

आता कतारमध्ये चढायचं कुठे? समुद्राकाठच्या कॉर्निशवर चाला म्हटलं तर सपाट. मॉलमध्ये सरकते जिने. कतारा नावाच्या कलाग्रामात माणसांनी रचलेल्या हिरव्या टेकड्या आहेत, शुक्रवारी तिथे जाता येईल, पण रोज? शेवटी काकूंनी आमच्या इमारतीतलं ते दार उघडलं, जे आग लागली तरच उघडतात. मागे जिना होता. एसी नाही, पाण्याचे रिकामे कॅन, कुणाची तरी मोडकी सायकल, आणि दर मजल्यावर चपलांची रॅक.

चौथ्या मजल्यावर ताहेरुन्निसा राहतात, हैदराबादच्या. काकूंची आणि त्यांची मैत्री अस्तरांच्या कापडावरून जुळली, सूक अल दीरा या कापडबाजारात, एकाच थानावर दोघींचे हात पडले तेव्हा. पहिल्या दिवशी काकू धापा टाकत वर पोचल्या तेव्हा त्या दार उघडून उभ्याच.

"अगे शशी! लिफ्ट बंद है क्या?"

"चालू है."

"फिर कायकू चढे?"

"माल्टा जाना है."

ताहेरुन्निसांनी काकूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पैदल?"

त्या दिवशी काकूंना मधे किती ठिकाणी थांबावं लागलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची होती, आणि खुर्चीत ताहेरुन्निसा. पंच म्हणून.

घरात मग माल्टाचं वेडच शिरलं. काकांना खाण्याची काळजी. देवव्रत वाचून दाखवायचा.

"देअर इज धिस थिंग, पास्तिझी. पेस्ट्री. चीज ऑर पीज इनसाइड."

"पीज म्हणजे मटार?" काकू.

"मॅश्ड मटार. यस."

"अहो, मटारची करंजी! त्यात काय! फक्त आपली नेहमीची पापुद्र्याची नसते." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती केलीच, साटा लावून, पापुद्र्याची. काकांनी पाच खाल्ल्या आणि विचारलं, "याच्याबरोबर आमटी बरी लागेल का?"

"ब्रेडला तिकडे होब्झ म्हणतात," देवव्रतने आणखी एक शब्द सांगितला. त्याने हे मात्र मराठीत सांगितलं, कारण त्यालाच मजा वाटली.

"आपला इथला खुबूसच की," काकू म्हणाल्या. "आणि बाजाराला?"

"सूक."

"खलास! मग भाव करायला मी मोकळी."

जागेचा वाद मात्र मिटत नव्हता. काकांनी फ्लॅट बुक केला होता, पण काकू खरंच चढणार म्हटल्यावर आता त्यांच्या मनात एक हॉटेल भरलं होतं. स्लीमा नावाच्या भागात, व्हॅलेटाच्या समोरच्या किनाऱ्यावर. सपाट फरसबंदी, समुद्रालगत बाक, लिफ्ट. रोज जेवताना ते त्याचं गुणगान करायचे.

"तिथून बोट आहे व्हॅलेटाला. आम्ही बोटीने जाऊ, वरची बाग, दुपारी सलामीची तोफ उडते ती बघू. तू समुद्राकाठी बस निवांत..."

"रविवारी कुठे जायचं?" काकू मधेच विचारायच्या.

"मासळीबाजाराला. मार्सश्लोक. होड्यांवर डोळे रंगवलेले असतात म्हणे."

"तिथे चढ आहे?"

"नाही."

"मग तिथे बसा तुम्ही निवांत."

मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि काकूंचं भांडणसुद्धा दोन दिवस थंडावलं. रमझान सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी आम्ही सगळे समैस्माला समुद्रावर गेलो होतो. भाजलेली कणसं, भेळ, पोरांचा चेंडू. काकू ठरवूनच आल्या होत्या. आज पाण्यात जायचं, घोट्यापर्यंत का होईना, वाळूतून मनसोक्त चालायचं. चपला काढून त्या उभ्या राहिल्या. साडी खोचली. तेवढ्यात कुणीतरी धावत आलं, "काकू, एवढं धरा हां," आणि पर्स हातात दिली. मग कुणाचा चष्मा. कुणाचं घड्याळ. कुणाची पिशवी, कुणाचा टॉवेल, कुणाचं कडेवरचं बाळसुद्धा, "दोनच मिनिटं हं."

काकू नाही म्हणाल्या नाहीत. मी पाहिलं, त्यांचे हात आपोआप पुढे झाले. बघता बघता त्या चटईवर बसल्या होत्या, पिशव्या एका ओळीत, बाळ मांडीवर. आणि फोन काढून त्यांनी फोटोही टाकला. 'सर्व सेफ आहे.'

परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी विचारलं, "काकू, गुडघा दुखतोय का?"

"गुडघा कुठला गं दुखतोय," त्या म्हणाल्या. "गुडघा ठणठणीत आहे. हेच तर."

 मग लुसैलच्या उंच इमारतींचे दिवे दिसायला लागल्यावर: "हात दुखायला हवेत माझे. एकदाच. चांगले दुखायला हवेत."

रमझान लागला. काकांच्या ऑफिसची वेळ कमी झाली, दुपारीच घरी येऊ लागले. ताहेरुन्निसांचे रोजे. त्या खुर्चीत तसबीह घेऊन बसायच्या आणि खालून काकूंची पावलं ऐकत मणी ओढायच्या.

"मैं रोज़े से हूँ," त्यांनी पहिल्याच दिवशी कामाची वाटणी करून टाकली. "चढना तुम्हारा, दुआ मेरी."

काकूंना हळूहळू लय सापडली. मशीनवर लांब शिवण घालताना त्या जसं गुणगुणतात, तसंच गुणगुणत चढायच्या. घाई नाही, थांबणं नाही. शुक्रवारी कताराच्या त्या हिरव्या टेकडीवर गेल्या आणि वरून घरच्यांना फोटो पाठवला. फोटोत गवत होतं आणि काकूंच्या चपलेचं टोक. पिशवी नव्हती.

"अहो, तुम्हीही या ना बरोबर," त्या काकांना म्हणायच्या.

"मला काय गरज? मी दिवसभर साइटवर असतो."

काका साइटवर असतात हे खरं. साइटवर ते पिकअपमध्ये असतात हेही खरं. पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

ईद आठवड्यावर आली. एका दुपारी काकांनी जाहीर केलं, "आज संध्याकाळी पाचपर्यंत तो फ्लॅट फुकट रद्द करता येतो. नंतर नाही. तेव्हा आज काय ते एकदा ठरवू."

"ठरवू," काकू म्हणाल्या.

"तर असं करू. सगळ्या बॅगा भरा. खालच्या पार्किंगपासून चौथ्या मजल्यापर्यंत, लिफ्ट न घेता, खरोखर सामान घेऊन. तू पोचलीस तर फ्लॅट. नाही पोचलीस तर स्लीमा. आणि मग परत बाकावरून भांडायचं नाही. कबूल?"

"कबूल. पण तिघांनीही चढायचं. तिथे काय तुम्हाला पालखीतून नेणार आहेत?"

"हा! अर्थात!"

ही खरी रंगीत तालीम. काकूंनी प्रवासातलीच साडी नेसली, प्रवासातलेच बूट घातले, आणि पाठीवर देवव्रतची जुनी शाळेची बॅग. मी ब्लाउज न्यायला आले होते, मला प्रेक्षक केलं. चौथ्या मजल्यावर ताहेरुन्निसा खुर्ची टाकून हजर. काकांनी हातात सर्वांत जड चाकाची बॅग घेतली. तिच्यात राइस कुकर होता, हे तिची चेन उघडायच्या आधीच कळत होतं, कारण झाकण आतून वाजत होतं.

"यल्ला!" काकांनी हुकूम सोडला.

देवव्रत दोन-दोन पायऱ्या घेत पळाला. त्याच्यामागे काका, मान ताठ, बॅग हवेत, पहिला मजला एका दमात. वळून म्हणाले, "शशी, दमलीस तर सांग हां!"

"हो, सांगते," काकू खालून म्हणाल्या. आणि गुणगुणायला लागल्या.

दुसऱ्या मजल्यावर काकांनी बॅग खाली ठेवली. "हँडल जरा सैल झालंय," असं ते मला म्हणाले. मी हँडल बघितलं. हँडलला काही झालं नव्हतं.

दुसरा ते तिसरा, मधल्या वळणावर काकूंनी त्यांना गाठलं. काका कठड्याला टेकले होते. गळ्यातला घाम पुसत होते.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"बरं म्हणजे? मी... मी तुझी वाट बघतोय."

"छातीत वगैरे काही नाही ना?"

"नाही गं बाई. मांड्या... मांड्या फक्त."

काकूंनी नीट त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, नाडी बघतात तसं मनगट धरलं, खात्री केली. मग म्हणाल्या, "मग या हळूहळू." आणि पुढे निघाल्या. गुणगुण वर वर जात राहिली. तिसऱ्या मजल्यावर काका कुणाच्या तरी चपलांच्या रॅकवर बसले. रॅक करकरली. देवव्रत वरून धावत आला, "बाबा, गिव्ह मी द बॅग!" त्याने राइस कुकरची बॅग सोडवली, स्वतःच्या दोन्ही बॅगा काकांपाशी टेकवल्या, म्हणाला, "जस्ट वॉच दीज फॉर अ सेकंड," आणि आईला गाठायला वर पळाला.

वर टाळ्या वाजल्या. एकाच बाईच्या, पण जिन्यात भरून राहिल्या.

"माशाल्ला! माशाल्ला शशी! साँस भी नहीं फूली!"

"फुली, फुली," काकू हसत म्हणाल्या. त्या जोराने श्वास घेत होत्या, चेहरा लाल, पदर सुटलेला. पण उभ्या होत्या. बसायला ताहेरुन्निसांनी खुर्ची रिकामी करून दिली. काकूंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसल्या नाहीत. त्या कठड्यापाशी गेल्या आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून खाली वाकून बघितलं.

खाली, तिसऱ्या मजल्यावर, चपलांच्या रॅकवर राजाभाऊकाका बसले होते. पायांशी एक बॅग डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींवर एकेक हात.

काकूंनी फोन काढला. वरून खाली. टिक.

"काय गं, काय करतेस?" खालून आवाज आला.

"काही नाही! सर्व सेफ आहे!"

ताहेरुन्निसा इतक्या हसल्या की तसबीह खाली पडली.

घरी आल्यावर काका सोफ्यावर आडवे झाले. जिन्यात ते पाणी प्यायले नव्हते. ताहेरुन्निसांचा रोजा असताना त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावायची, हे त्यांना बरं वाटलं नाही. आता एकामागून एक तीन ग्लास. अंग कलंडलेलं, पण डोकं चालू.

"शशी."

"काय?"

"मी काय म्हणतो, स्लीमाचं ते हॉटेल घेऊन टाकू. तुझ्या गुडघ्याला बरं पडेल."

"कुणाच्या गुडघ्याला?"

काकांनी छताकडे पाहिलं. "...घरातल्या गुडघ्यांना."

देवव्रत फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "इट्स पास्ट फाइव्ह, बाबा. नो कॅन्सलेशन."

"पाच वाजले?"

"यू वर ऑन द शू रॅक."

मी ब्लाउजची पिशवी तोंडावर धरली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या ओट्याशी गेल्या. सकाळीच ताहेरुन्निसांकडून दहीवड्यांचा डबा आला होता, रिकामा डबा धुऊन पालथा ठेवला होता. तो त्यांनी पुसला. रिकामा डबा परत पाठवायची रीत काकूंकडे नाही. त्यात त्यांनी दुपारी तळलेल्या मटारच्या करंज्या भरायला घेतल्या, पापुद्रे मोडू नयेत म्हणून मधे कागद घालून, कडेने उभ्या लावत. इफ्तारला थोडाच वेळ उरला होता.

"हे बघा," त्या भरता भरता म्हणाल्या. "घाबरू नका. तिकडे रोज एकदाच चढायचं. मजल्या-मजल्यावर टेका. मी थांबेन तुमच्यासाठी. कुकर मात्र इथेच राहील. पास्तिझी खा, खुबूस खा, काही मरत नाही माणूस."

"बरं," काका म्हणाले. कुकरच्या बातमीने ते जास्त खचल्यासारखे दिसले.

"बागेत जाऊ. तोफ बघू. रविवारी तुमच्या डोळेवाल्या होड्या."

"बरं."

"आणि गोझोला किल्ल्यावर जायचं. तो दिवस माझा."

काका कोपरावर उठून बसले. मांडी चोळली. किल्ला त्यांनी मनातल्या मनात डोळ्यांसमोर आणला असावा, तळापासून टोकापर्यंत, आणि बहुधा पहिल्यांदाच उभा.

"किल्ल्यावर नाही हं जमायचं मला," ते म्हणाले. "खरंच नाही. तू जा. देवव्रतला घेऊन जा. बघ ती लेस, हवी तेवढी घे..."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

"पण मग," काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. नुसतं आश्चर्य होतं, इतकी वर्षं डोक्यात न आलेली गोष्ट आत्ता आल्यासारखं. "तू वर, हा वर. मग पिशव्यांपाशी कोण थांबणार?"

काकूंनी डबा उचलला, पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि दार उघडलं. बाहेर लिफ्ट नेमकी त्याच मजल्यावर येऊन थांबली होती, दिवा लागलेला, दार उघडं. काकू तिच्यासमोरून गेल्या आणि जिन्याचं जड दार खांद्याने ढकललं.

"अगं, मी काय विचारतोय?"

दार हळूहळू मिटलं. मागे जिन्यातून, वर वर जाणारी, ती मशीनवरची गुणगुण तेवढी ऐकू येत राहिली.